डेल्फाच्या टेबलावरचे एक्स-रे

डेल्फा स्टम्बोनं एकोणतीस वर्षं काइट फोर्क या कोळसाखाणींच्या खोऱ्यातल्या शाळेत पोरांना जेवण वाढलं. त्या वर्षांत तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन जी पोरं मोठी झाली, त्यातली निम्मी खाणीत उतरली आणि उरलेली ओहायोला पळाली. बाई ठेंगणी, रुंद, आवाजानं करडी. रांगेत ढकलाढकली करणाऱ्याच्या डोक्यात पळी घालायला ती कधी कचरली नाही. माझ्याही घातली आहे. पुढं मी तालुक्याच्या वाचनालयात नोकरीला लागले, केस पांढरे झाले, तरी ती मला "ए रोवीना, उभी नीट राहा" असंच म्हणायची.

तिचा नवरा होबर्ट खाणीत छताला बोल्ट मारायच्या यंत्रावर होता. वर दगडात भोक पाडायचं आणि खाली तोंडावर धूळ घ्यायची. खाण बंद पडली तेव्हा तो साठीचा होता. बासष्टाव्या वर्षी त्याला दारापासून गाडीपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागायचं. चौसष्टाव्या वर्षी नाकात ऑक्सिजनची नळी आली आणि तो खुर्चीतच झोपायला लागला, कारण आडवं झालं की गुदमरायचा. आमच्याकडे असं झालं की कुणी विचारत नाही काय झालंय. काळं फुफ्फुस. खोऱ्यातल्या प्रत्येक घरात एक खुर्ची अशी असते.

सरकारकडे त्याचा अर्ज गेला आणि नामंजूर होऊन परत आला. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की छातीवरचे डाग कोळशाचे नाहीत, कोंबड्यांच्या खुराड्यातल्या बुरशीचे आहेत. स्टम्बोंनी जन्मात कोंबडी पाळली नव्हती. पुढचं वाक्य मात्र अडचणीचं होतं. खाणीतल्या माणसांची छाती तालुक्याच्या ज्या दवाखान्यात तपासली जायची, त्याच्या नोंदीप्रमाणे १९९१ आणि १९९४ या दोन्ही वर्षी होबर्टची छाती अगदी स्वच्छ होती. अठरा वर्षं धूळ खाऊनही स्वच्छ, मग नंतरच्या डागांना धूळ कशी जबाबदार?

त्याची वकीलबाई टॅबिथा ग्रीअर लेक्सिंग्टनला बसायची. तरुण होती, पण कामाची. ती फोनवर म्हणाली, "मिसेस स्टम्बो, ते जुने एक्स-रे मिळवा. परराज्यात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते बघतील. पण टपालानं मूळ फिल्म पाठवू नका. एकच प्रत असते. हरवली की गेली. आधी फोटो पाठवा. त्यांना काही वाटलं तर मग फिल्म हातोहात नेऊ."

याच सुमारास पोस्टाच्या दारावर कागद लागला. दवाखाना बंद होतोय, जुन्या फिल्म तीस दिवसांत घेऊन जा, नाहीतर त्यांच्यातली चांदी काढण्यासाठी त्या वितळवल्या जातील. डेल्फा गेली आणि होबर्टची पाकिटं घेऊन आली. त्यानंतर जे जे खुर्चीत बसून होते, त्यांच्या सह्या घेऊन त्यांचीही आणली. तेवीस माणसांची पाकिटं तिनं धुतलेल्या चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली.

पहिली फिल्म घेऊन ती माझ्याकडे वाचनालयात आली. आम्ही ती आमच्या स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर काळाकुट्ट चौकोन आला.

"मशीन मेलंय तुझं," डेल्फा म्हणाली.

"मशीन नाही मेलं. हे कागदावरचं वाचतं, खालून उजेड टाकून. फिल्मला उजेड पाठीमागून लागतो."

"मग सरळ सांग ना, खिडकीला लाव म्हणून."

घरी जाऊन तिनं खिडकीला लावली. फोटोत होबर्टच्या बरगड्यांवर अंगणातलं अक्रोडाचं झाड आलं आणि मधोमध तिचं स्वतःचं तोंड. मग तिनं नातवाचा जुना टीव्ही जमिनीवर आडवा टाकून त्यावर पांढरा पडदा लावला. आता उजेड भरपूर आला, पण मोठं करून बघितलं की सगळ्या छातीवर जाळी दिसायची, टीव्हीच्या ठिपक्यांची. त्यावर कुणी उपाय सांगितला नाही, तिचा तिनंच शोधला. टीव्हीवर न्हाणीघरातला दुधी पडदा कापून अंथरला, त्याच्या वर घेवड्याचे चार डबे उभे केले, डब्यांवर चित्राच्या चौकटीची काच ठेवली आणि काचेवर फिल्म. फिल्म टीव्हीपासून वीतभर उंच गेली तशी जाळी नाहीशी झाली. भोवती काळ्या पुठ्ठ्याची चौकट ठेवली, म्हणजे कडेचा उजेड फोनच्या डोळ्यात शिरणार नाही. फोन हातात धरला की हलतो, म्हणून फ्रिजमधली जाळीची फळी खुर्च्यांवर आडवी टाकून त्यावर फोन पालथा ठेवला. फ्लॅश बंद, खिडक्यांना गोधड्या. फोनचा टायमर दहा सेकंदांवर लावायचा आणि मागं सरून श्वास रोखून उभं राहायचं. एकाच फिल्मचे तीन फोटो: एक उजळ, एक मध्यम, एक गडद. कारण एकात हृदयामागचं दिसतं तर बाहेरचं पुसलं जातं.

पलीकडच्या खोलीतून ऑक्सिजनच्या यंत्राचा ठक-फुस्स आवाज यायचा. होबर्ट ओरडायचा, म्हणजे त्याला जमेल तेवढं, "डेल्फा, अगं जेवायला देणारेस की फोटोच काढणारेस?"

"तुझ्याच छातीचे काढतेय. गप बस."

महिन्याभरात तिनं तेवीस माणसांच्या एकसष्ट फिल्म उतरवल्या. एक गोष्ट तिला सतावायची. काही फिल्मवर पांढरे ठिपके होते. तिला वाटलं धूळ. तिनं मऊ फडक्यानं पुसले, जात नव्हते. काच पुसली, तरी तेच. "त्या दवाखान्यात साधा झाडू मारत नव्हते," असं ती मला दोनदा म्हणाली.

सगळे फोटो घेऊन ती वाचनालयात आली, कारण टॅबिथाबाईला पाठवायला आमचं इंटरनेट बरं होतं. मी ते एका फोल्डरमध्ये टाकले, नावं दिली आणि सगळे एकदम दिसतील असे लहान करून पडद्यावर पसरले. एकसष्ट छात्या, ओळीनं. पाकिटांतून एकेक काढून बघताना कुणाच्या कधी लक्षात आलं नसतं. तिथं मात्र डेल्फानं चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावलं.

"हा एस्टिल फ्युगेट ना? आणि हा?"

"तो डेंझिल."

"मोठा कर. दोघांना शेजारी लाव. आता होबर्टचा एक्क्याण्णवचा लाव."

मी लावले. तिन्ही छात्यांत गळ्याच्या डाव्या हाडाखाली तीन पांढरे ठिपके, तिरक्या त्रिकोणात, आणि चौथा खाली बरगडीपाशी. एस्टिल सव्वासहा फूट उंच, डेंझिल जेमतेम साडेपाच. बरगड्या मात्र एकाच मापाच्या, एकाच वळणाच्या. आम्ही मोजत गेलो. एक्क्याण्णव ते चौऱ्याण्णवच्या मधल्या, चौदा वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच माणूस होता. निरोगी, स्वच्छ छातीचा.

मी म्हणाले, "हे छर्रे आहेत. शिकारीच्या बंदुकीचे. कोण हा?"

डेल्फा खुर्चीत मागं टेकली. म्हणाली, "बाकीचे मी सुईनं काढले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर. हे चार खोल गेले होते. आई म्हणाली, राहू दे, पोरगं मरेल."

तो तिचा धाकटा भाऊ अर्विल स्लोन होता. नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर खारी मारायला गेला आणि वडिलांच्याच बंदुकीतून छर्रे लागले. आयुष्यभर खाणीच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत बसला. कामगारांना डोक्यावरचे दिवे द्यायचे, परत घ्यायचे. जमिनीखाली दोन वर्षंसुद्धा काढली नाहीत. सत्तरीजवळ आलेला, ताठ, बायको वारलेली, दर रविवारी बहिणीला चर्चला गाडीतून नेणारा. हिवाळ्यात तिच्या दाराशी लाकडं रचून द्यायचा आणि होबर्टची ऑक्सिजनची नळकांडी खांद्यावरून आत आणायचा.

पुढचं सगळं मला डेल्फानंच सांगितलं. काही त्या वेळी, काही फार नंतर.

ती थेट त्याच्याकडे गेली. अर्विल अंगणात टोमॅटोला काठ्या लावत होता. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं बघितलं, हात पँटला पुसले.

"कुणी शोधलं?"

"मी."

"शाळेत असताना तुला गुणाकार यायचा नाही," तो म्हणाला.

"अर्विल, माझा नवरा खुर्चीत बसून मरतोय. त्याला तेव्हाच कळलं असतं तर त्याला धुळीतून काढून दुसरं काम द्यावं लागलं असतं. कायदा होता तसा. त्यानंतर बावीस वर्षं त्यानं दगड फोडला, का तर तू त्याच्या नावानं शर्ट काढून उभा राहिलास. कंपनीनं काय दिलं तुला?"

"कंपनीनं?" तो हसला. हसला याचाच तिला जास्त राग आला. "खाण विकली गेली, ते साल आठवतंय? नव्या मालकानं सांगितलं, सगळ्यांचे नवे एक्स-रे काढा, स्वच्छ छातीचेच घेऊ. कायद्यानं दुसरं काम द्यायचं ते नोकरीवर असलेल्याला. दारातूनच आत घेतलं नाही तर कसला कायदा? ही माणसं रांगेनं आली गं माझ्याकडे. अर्विल, तुझी छाती उसनी दे. दवाखान्यातला डॉक्टर प्रुइट म्हातारा, अर्धा दारूत. कोण उभंय ते बघायचा नाही, की बघूनही बघायचा नाही. नव्या मालकानं वर्षा-दोन वर्षांनी परत काढायला लावले, तेव्हा परत आली. कुणी लाकडं दिली. एस्टिलनं हरणाची तंगडी दिली. मी नाही म्हणालो असतो तर त्या हिवाळ्यात तुझी पोरं काय खाणार होती?"

"पोरांचं नाव काढू नकोस."

"मग नवऱ्याला विचार. पहिला कोण आला होता ते."

तिनं घरी येऊन विचारलं. एक वाक्य बोलायला होबर्टला तीन श्वास लागायचे, त्यामुळं खोटं बोलणं त्याला परवडत नव्हतं.

"मीच गेलो पहिला," तो म्हणाला. "प्रुइटनं नव्वदमध्येच सांगितलं होतं. डाग आहेत म्हणून. ती फिल्म मी चुलीत घातली. बाकीच्यांना मीच सांगितलं... अर्विलकडे जा."

"तेवीस वर्षं मी तुझा डबा भरत होते."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"तुला सांगितलं असतं, तर तू जाऊ दिलं असतंस?"

तिनं यंत्राचा ठोका ऐकला, उठली आणि भांडी घासायला गेली. तिथं उभं राहून तिनं जे ठरवलं, ते नंतर कधी बदललं नाही. खरं सांगितलं तर कंपनीचा वकील म्हणणार, तुम्हीच फसवून नोकरी मिळवली, आता कशाचं रडता? चौदाच्या चौदा अर्ज बुडणार. काही सांगितलंच नाही तर स्वच्छ छातीची नोंद तशीच राहणार आणि तरीही बुडणार. तिसरी वाट एकच होती. माणसं आपापल्या पायानं दवाखान्यात गेली, मशीनपुढं उभी राहिली आणि निघून आली. त्यांना काही माहीत नव्हतं. मागाहून प्रुइटनं आणि अर्विलनं मिळून फिल्म बदलल्या, मालकाच्या सोयीसाठी. प्रुइट मेलेला होता. त्याला त्रास होणार नव्हता.

होबर्टला तिनं हे सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवून नाही म्हटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पाणी आलं की त्याला श्वास लागायचा. "अर्विल नको," तो म्हणाला. "डेल्फा, अर्विल नको."

"अर्विलला फुफ्फुसं आहेत," ती म्हणाली. "त्याचं तो बघेल."

बाकीच्या तेरा जणांकडे ती एकेक करून गेली. कुणी खुर्चीत, कुणी पलंगावर. प्रत्येकाला फोटो दाखवला आणि काय बोलायचं ते सांगितलं. तिला वाटलं होतं एखादा तरी अडेल. कुणी अडला नाही. एस्टिल फ्युगेट तर म्हणाला, "खरं सांगू डेल्फा, मला त्या अर्विलचा आधीपासून संशय होता." असं म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच ते पटत चाललेलं तिला दिसत होतं.

शेवटी ती परत अर्विलकडे गेली. आता त्याच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. कबुलीजबाबावर सही आणि एक नवा एक्स-रे, छर्रे जुळतात हे सिद्ध करायला.

अर्विलनं कागद वाचला. "म्हणजे चौदा जणांनी माझे पाय धरले, ते पुसायचं. आणि मी कंपनीचा कुत्रा होतो, हे राहायचं."

"हो."

"होबर्टला हे चालतंय?"

"होबर्टनंच सांगितलंय," डेल्फा म्हणाली.

हे ती मला सांगत होती तेव्हा आवाजात काही हललं नाही. म्हणाली, "त्याच्या तोंडावर सांगितलं, रोवीना. दुसऱ्या कशानं त्यानं सही केली नसती. होबर्टवर त्याचा फार जीव होता. माझ्यापेक्षा जास्त."

अर्विलनं सही केली. दुसऱ्या आठवड्यात त्यानं दोन तास गाडी चालवून शहरातल्या इस्पितळात जाऊन शर्ट काढला आणि शेवटचा एकदा मशीनपुढं उभा राहिला, या वेळी स्वतःच्या नावानं. डेल्फा शेजारच्या सीटवर होती.

टॅबिथाबाई खूश झाली. तिनं जुन्या आणि नव्या फिल्म डॉक्टरांकडे हातोहात पोचवल्या. त्यांनी लिहून दिलं की हाडं एका माणसाची आहेत आणि छर्रेही. कंपनीनं जुनी नोंद गुपचूप मागं घेतली. चौदातल्या नऊ जणांचे अर्ज मंजूर झाले, त्यात होबर्ट होता. दोघं निकालाआधीच गेले होते. बाकीच्यांचे बुरशीवर अडकले ते अडकलेच.

बातमी खोऱ्यात पसरली ती डेल्फानं रचलेल्या रूपात. चर्चमध्ये अर्विल ज्या बाकावर बसायचा, तो बाक रिकामा होऊ लागला. लोक उठून मागं जायचे. पाद्रीबुवांनी विश्वासघातावर प्रवचन दिलं, नाव न घेता, त्याच्याकडे बघत. कुणी त्याच्या टपालपेटीवर काळ्या रंगानं एक शब्द लिहिला. तो त्यानं पुसला, परत लिहिला गेला, मग त्यानं पुसणं सोडून दिलं. किराणा दुकानात मी समोर होते तेव्हा एस्टिल फ्युगेट ऑक्सिजनची गाडी ओढत त्याच्यापर्यंत आला आणि त्याच्या शर्टावर थुंकला. थुंकायला त्याला दोनदा दम गोळा करावा लागला.

अर्विलनं रुमाल काढून शर्ट पुसला. म्हणाला, "एस्टिल, हरणाचं मटण मात्र छान होतं हं."

दुकानातल्या कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. एस्टिलला कळला. त्याला खोकल्याची अशी उबळ आली की त्याला तिथंच मक्याच्या पिठाच्या पोत्यांवर बसवावं लागलं. लोक म्हणाले, बघा, म्हाताऱ्या माणसाला कसा छळतो हा.

शरद ऋतूत अर्विलनं घर विकलं आणि ओहायोत डेटनला लेकीकडे राहायला गेला. जाण्याआधी बहिणीच्या दाराशी हिवाळ्याची लाकडं रचून गेला. होबर्ट खिडकीतून बघत होता. त्यानं काचेवर हात ठेवला. अर्विलनं वर बघितलं नाही. ज्या माणसानं आपल्याला विकलं, त्याच्याकडे कशाला बघायचं?

अर्ज मंजूर झाल्यावर होबर्ट चौदा महिने जगला. यंत्र चांगलं मिळालं, नर्स घरी यायला लागली. बायकोशी मात्र तो गरजेपुरतंच बोलायचा. पाणी. नळी. उशी. डेल्फा म्हणायची, दम नाही त्याला. पण नर्सशी तो बेसबॉलच्या गप्पा मारायचा. शेवटच्या दिवशी त्यानं अर्विलला फोन लावून मागितला. तिनं लावला. पलीकडून लेक लव्होंडानं उचलला आणि ठेवून दिला. डेल्फा नवऱ्याला म्हणाली, "घरी नाहीये तो."

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी अर्विल गेला. झोपेत, हृदय थांबून. डेल्फाला कुणी कळवलं नाही, वर्तमानपत्रातून कळलं. मी तिला गाडीनं डेटनला नेलं. तिनं काळा पोशाख घातला होता आणि मांडीवर झाकलेल्या भांड्यात ताजी भाजलेली सफरचंदाची पाई धरली होती, चार तास.

अंत्यविधीच्या घराच्या पायरीवर लव्होंडा उभी होती. वडिलांसारखीच ताठ.

"आत्या, तू आत येऊ नकोस."

"भाऊ आहे माझा."

"होता. त्यांनी मला सगळं सांगितलंय. कोण पहिला आला ते, आणि कुणाच्या नावानं सही घेतलीस ते. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं होबर्टकाकांनी त्यांना विकलं. मी विचारलं, काकांना फोन करू का? म्हणाले, नको, त्याला दम लागेल."

डेल्फा म्हणाली, "होबर्टनं नाही सांगितलं. मी सांगितलं. होबर्ट नको म्हणत होता."

लव्होंडा तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मारणार. पण ती फक्त म्हणाली, "हे दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगायला किती वेळ लागला असता?" आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

आम्ही गाडीत बसून राहिलो, शवपेटी बाहेर येईपर्यंत. पेटी उचलायला लव्होंडाच्या नवऱ्याच्या कारखान्यातली सहा माणसं होती. त्यातला एकही अर्विलला ओळखत नसावा, कारण पायऱ्यांवरून उतरताना ती हसत-खिदळत एकमेकांना "सांभाळ, जड आहे" म्हणत होती.

डेल्फानं खिडकीची काच खाली केली नाही. पेटी गाडीत गेल्यावर म्हणाली, "चल. अंधाराच्या आत घाट उतरायला हवा." सिनसिनाटीच्या पुढं तिनं पाईचं भांडं उघडलं, चमच्यानं एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला आणि विचारलं, "साखर कमी पडली का गं?"